पिठाचा वास

देल्फीना गेझाला आमच्या दरीत लोक नावाने कमी आणि ‘नाक’ म्हणून जास्त ओळखत. “नाक आलंय का आज?” असं खिडकीतून विचारत, आणि मी म्हणायची, “आलंय. पण टोपली टेबलावर ठेवायच्या आधी बुडाची माती झटका. पुसायला मीच असते.”

मी पाल्मिरा. तिच्या शेजारी बसून चिठ्ठ्या लिहायचं काम मी बावीस वर्षं केलं. ऑगस्ट ते नोव्हेंबर, सोमवारी आणि गुरुवारी सकाळी, आरोग्य केंद्राच्या तळमजल्यावरच्या खोलीत. रानातून अळंब्या आणायच्या, आम्हाला दाखवायच्या आणि मगच चुलीवर चढवायच्या, अशी आमच्याकडची रीत. देल्फीना सगळी टोपली टेबलावर ओतायची. एकेक अळंबी उलटी करून बघायची, देठ मोडायची, हुंगायची आणि नाव सांगायची. मी नाव लिहून शिक्का मारायची. त्या शिक्क्यावर लोकांचा जीव असतो हे आम्ही दोघी कधी बोलून दाखवत नव्हतो. त्यात बोलायचं काय.

तिचं नाक लहानपणापासूनचं. दरीच्या वरच्या अंगाला सोलाना नावाची वाडी आहे, तिथला तिचा जन्म. सप्टेंबरच्या जत्रेत तिचे वडील बोर्तोलो तिचे डोळे रुमालाने बांधायचे आणि लोक एकेक अळंबी तिच्या नाकाखाली धरायचे. सात वर्षांची पोर, एकही चुकायची नाही. एकदा कुणीतरी चेष्टेने पायातला मोजा धरला, तर म्हणाली, “हा झवेरिओकाकांचा. आणि हा विषारी आहे.” सगळी जत्रा हसली. सगळ्यात जास्त झवेरिओकाका हसले. वाडीतलेच ते, बोर्तोलोचे जिवलग.

बोर्तोलो खाली गावात भट्टीवर कामाला होता. पोलादात मिसळायचं मँगनीज तिथे वितळवत. आमचं घर त्याच भट्टीच्या चिमणीखाली, कामगारांच्या घरांच्या ओळीत. आई दोरीवर चादरी वाळत घालायची आणि संध्याकाळी काढताना त्यांच्यावर बोट फिरवून शिव्या द्यायची. आम्हा पोरांना वाटायचं, चादरी मुळातच करड्या असतात. पहिल्यांदा मी वर सोलानाला देल्फीनाकडे राहायला गेले तेव्हा तिची पांढरीशुभ्र चादर बघून मला वाटलं, हे लोक श्रीमंत आहेत.

बोर्तोलोला पंचावन्नाव्या वर्षी शर्टाची बटणं लागेनाशी झाली. मग हात थरथरायला लागले, चेहरा हलायचा थांबला, पावलं आखूड पडायला लागली. डॉक्टर कंपवात म्हणाले. भट्टीमुळे का, हे कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही, पण त्याच्या पाळीतले आणखी तिघे तसेच चालायचे. देल्फीनाने त्याला अकरा वर्षं भरवलं. भट्टी बंद झाली, चिमणी पाडली, त्या जागी आता टेनिसचं मैदान आहे. गावाला वाटलं, संपलं.

मग दोन हजार वीसचा मार्च आला. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. आमच्या दरीत त्या महिन्यात देवळाच्या घंटा वाजवणं थांबवलं होतं, कारण दिवसभर वाजवाव्या लागल्या असत्या. देल्फीना एकोणीस दिवस घरात एकटी पडून होती. मी दारात सूप ठेवून मागे सरायची आणि ती खिडकीतून हात हलवायची. मला साधी शिंकसुद्धा आली नाही. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू. “भट्टीच्या धुरावर वाढलेली आहे मी,” मी सगळ्यांना सांगायची, “मला विषाणू काय करणार?”

ऑगस्टमध्ये खोली पुन्हा उघडली. पहिल्याच सोमवारी मी टपाल आणायला वर गेले होते. परत येते तर छताशी धूर साचलेला, शेगडीवरची कॉफीची किटली काळी पडलेली, आणि देल्फीना दोन हातांवर तिच्याकडे पाठ करून निवांत वर्तमानपत्र वाचत बसलेली.

मी शेगडी बंद केली. खिडकी उघडली. तिने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“कधीपासून?” मी विचारलं.

“मार्चपासून.”

“काहीच येत नाही?”

“काहीच नाही. साबण नाही, लसूण नाही, मांजराने घाण केली तर ती पायाखाली आल्यावर कळते.” मग हळू म्हणाली, “आणि तेवढंच नाही गं. नावं जातात. टेबलावरची वस्तू समोर दिसते, ती काय हेही कळतं, पण शब्द येत नाही. डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. रोज उठले की कप हातात धरून बघते.”

“कप कशाला?”

“बाबांसारखा थरथरतोय का ते बघायला.”

तिने कळवायला हवं होतं. मीही कळवायला हवं होतं. पण कळवलं असतं तर खोली बंद झाली असती. वरच्या साहेबांना ती कधीची बंद करायची होती. मग लोकांना टोपल्या घेऊन साठ किलोमीटर खाली शहरात जावं लागलं असतं. कुणी गेलं नसतं. दाखवल्याशिवाय खाल्लं असतं आणि कुणीतरी मेलं असतं. असं आम्ही एकमेकींना सांगितलं. ते खरंही होतं. पण देल्फीनाला त्या खोलीशिवाय दुसरं काही नव्हतं आणि मला तिच्याशिवाय दुसरी मैत्रीण नव्हती, हेही तितकंच खरं होतं.

उपाय मी काढला. “डोळे तुझे, नाक माझं,” मी म्हटलं.

बहुतेक अळंब्या डोळ्यांनी ओळखता येतात. रंग, देठ, टोपीखालचे पापुद्रे, मोडल्यावर निळी पडते का, यावरून. पण काही जाती अशा आहेत की तिथे नाक लागतंच. त्यातली सगळ्यात वाईट म्हणजे आम्ही जिला हेर म्हणतो ती. लहानशी पांढरी अळंबी, खायला फार चविष्ट. पोर्चिनी, म्हणजे इथे सगळे जिच्या मागे धावतात ती जाड देठाची तपकिरी अळंबी, उगवते त्याच जागी ही आधी उगवते, म्हणून हेर. तिला नुकत्याच दळून आणलेल्या गव्हाच्या पिठाचा वास येतो. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी पांढरी अळंबी कुरणाच्या कडेला, गवतात उगवते. ती खाल्ली की तासाभरात माणूस घामाने भिजतो, तोंडाला लाळेची धार लागते, नाडी मंदावते. कोवळ्या असताना या दोघी समोरासमोर ठेवल्या तर भलेभले चकतात. त्यांना वेगळं करतो तो पिठाचा वास.

तोंडावर मास्क असल्यामुळे आमचं काम सोपं झालं. देल्फीना अळंबी नाकाशी नेल्यासारखं करायची आणि माझ्याकडे सरकवायची. मी चिठ्ठी लिहायच्या निमित्ताने वाकून, मास्क थोडा खाली ओढून हुंगायची. पीठ असेल तर पेन टेबलावर एकदा आपटायची. नसेल तर दोनदा. एक अख्खा मोसम आम्ही असा काढला. कुणाचं पोटही दुखलं नाही. दुसरा मोसम सुरू झाला तोवर मला वाटायला लागलं होतं की हे काम मला जन्मापासून येतं.

तो गुरुवार ऑक्टोबरातला. सकाळी दहाला झवेरिओकाका आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हातात वेताची टोपली, टोपी डोक्यावर, मास्क हनुवटीवर.

“मास्क वर घ्या, काका,” मी म्हटलं.

“तुझ्यासाठी घेतो, पाल्मिरा. नाहीतर प्रेमात पडशील.” मग देल्फीनाकडे वळले. “पोरी, आज मन लावून बघ. लोरेता येतेय नवऱ्याला घेऊन. दोन वर्षांनी येतेय.”

लोरेता त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न करून बेल्जियमला गेलेली. सीमा बंद झाल्या तेव्हापासून बापलेक फोनवरच भेटत होते. त्यात तिची आई गेली, तेव्हाही तिला येता आलं नव्हतं.

“आजच जेवायला?” देल्फीनाने विचारलं.

“बाराला. मक्याचं पीठ घोटून पोलेंटा करणार, लाकडी पाटावर ओतणार, मध्ये अळंब्या. तिच्या आईसारखं.”

त्यांनी टोपली ओतली. चाळीसेक हेर, पांढऱ्याशुभ्र, कोवळ्या. देल्फीनाचे डोळे चमकले. “कुठल्या हो या?”

“चेस्टनटच्या बनातल्या. नेहमीच्या जागेवरच्या. येताना कुरणातही थोड्या दिसल्या, त्याही घेतल्या.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. देल्फीनानेही ऐकलं. आधीची देल्फीना तिथल्या तिथे थांबली असती आणि म्हणाली असती, कुरणातल्या कुठल्या त्या दाखवा, एका टोपलीत मिसळायचं नाही हे किती वेळा सांगू. पण त्याच वेळी मागे रांगेतल्या बाईंनी काहीतरी विचारलं, देल्फीनाने तिकडे बघितलं, आणि परत वळली तेव्हा तो शब्द तिच्या डोक्यातून निसटलेला होता. मला आठवत होता. पण जागा विचारणं हे तिचं काम, माझं नाही, असं माझ्या मनात आलं. लाज वाटते सांगायला, पण आलं.

ती एकेक उलटी करून बघत गेली, माझ्याकडे सरकवत गेली. मी हुंगत गेले. एक ठोका. एक ठोका. एक ठोका. मधे एकदा एकीवर ती क्षणभर थबकली, तिने माझ्याकडे पाहिलं. मी हुंगलं. मी तिच्याकडे पाहिलं. पेन एकदा आपटलं. तिने मान हलवली आणि पुढची उचलली.

मी शिक्का मारला. काका गेले.

सव्वाअकराला गर्दी ओसरली. मी शेगडीवर किटली ठेवली, मास्क काढून ठेवला आणि महिन्याचा तक्ता भरायला बसले. देल्फीना टेबल पुसत होती. दार उघडून वरच्या मजल्यावरची नर्स नोएमी आत आली. ही खाली सपाटीवरची, क्रेमोनाकडची पोरगी, वर्षभरापूर्वीच बदलून आलेली. आली ती नाकावर हात धरून, तोंडावर मास्क असतानासुद्धा.

“बाई, काय जाळताय? वर जिन्यापर्यंत येतोय वास.”

मी मान वर केली. किटली माझ्या कोपराजवळ होती. पाणी कधीच आटलं होतं, आतली कॉफी जळून कोळसा झाली होती, किटलीच्या झाकणाचं रबर वितळत होतं. माझ्या कोपराजवळ. मास्क नसताना.

नोएमीने शेगडी बंद केली, आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि निघून गेली.

देल्फीनाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. 

“सर्दी झाली असेल मला,” मी म्हटलं.

“झालीय?”

“नाही.”

तिने कपाटातून व्हिनेगरची बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्या नाकाखाली धरली. “काय येतंय?”

नाकात थोडं चुरचुरलं. एवढंच. “व्हिनेगर,” मी म्हटलं.

“ते तुला बाटलीवर दिसतंय म्हणून. डोळे मीट.”

मी डोळे मिटले. तिने काहीतरी धरलं. मग आणखी काहीतरी. पहिलं काय होतं मला कळलं नाही, आणि दुसरं कधी आलं तेही कळलं नाही. डोळे उघडले तर तिच्या एका हातात लसणाची पाकळी होती आणि दुसऱ्यात वाळलेल्या पोर्चिनीची पिशवी.

“पाल्मिरा,” ती म्हणाली, “पिठाचा वास तुला कसा येतो?”

मी विचार केला. खरंच केला. आणि मला जे सापडलं ते असं होतं की हेर दिसली की मला पीठ आठवायचं. तिच्या चेहऱ्यावर ‘हेर’ दिसलं की मला वास आला असं वाटायचं. फार पुसट असायचा. मला वाटायचं, पिठाचा वास असाच असतो. सगळ्यांना असाच येतो.

ती माझ्या नाकावर विसंबली होती आणि मी तिच्या चेहऱ्यावर.

“झवेरिओकाका,” ती म्हणाली.

त्यांच्या घरी फोन लावला. वाजत राहिला; चुलीशी असले की काका तो उचलत नाहीत. काकांकडे मोबाइल आहे, पण तो ते कपाटात, बायकोच्या फोटोशेजारी बंद करून ठेवतात. लोरेताचा बेल्जियमचा नंबर आमच्याकडे नव्हता. घड्याळात अकरा पंचवीस. मी खोलीला कुलूप घातलं नाही, शेगडीकडे बघितलं नाही. देल्फीनाने गाडी काढली. मला गाडी येत नाही. त्या दिवशी त्याचा जेवढा पश्चात्ताप झाला तेवढा आयुष्यात झाला नव्हता.

रस्ता वळणावळणाचा. ती भरधाव चालवत होती, ओठ घट्ट मिटून. वर चढताना दोन फाटे लागतात. तिथे तिने ब्रेक मारला. गाडी मधोमध उभी.

“काय झालं?”

 दोन्ही रस्त्यांकडे बघत होती. डावा, उजवा, परत डावा.

“देल्फीना, चल ना.”

“कुठला?” ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. ज्या वाडीत ती जन्मली, जिथून शाळेला बारा वर्षं हा रस्ता उतरली, जिथून तिच्या वडिलांना शेवटचं खाली आणलं, त्या वाडीचा रस्ता ती मला विचारत होती. मागून ट्रकवाला हॉर्न देत होता. तिचे डोळे भरून आले होते आणि स्टीअरिंगवरचे हात घट्ट होते, थरथरू नयेत म्हणून.

“डावीकडे,” मी म्हटलं. “हळू. मी सांगते तशी चल.”

गाडी हलली. मी बोलत राहिले, आता वळण, आता पूल, आता चर्च. पुलावर ती एकदम म्हणाली, “कुरण म्हणाले होते ना ते? येताना कुरणात?”

“म्हणाले होते.”

“तू ऐकलंस?”

“ऐकलं.”

तिने वेग आणखी वाढवला आणि सोलाना येईपर्यंत समोरच बघत राहिली. 

घराचं दार उघडंच होतं. टेबलावर मोठा गोल पाट, त्यावर पिवळाधमक पोलेंटा पसरलेला आणि मधोमध अळंब्यांचा ढीग, वर लोणी वितळत होतं. काकांच्या घरात तसंच जेवतात, ताटं नाहीत. प्रत्येकाने आपल्या बाजूच्या कडेपासून खात खात मध्याकडे जायचं, म्हणजे चांगलं शेवटी मिळतं. लोरेता आणि तिचा नवरा वाउटर समोरासमोर बसले होते. दोघांनी कडा खाऊन संपवल्या होत्या. वाउटरचा चमचा मधल्या ढिगापासून चार बोटांवर होता.

“थांबा,” देल्फीना म्हणाली. “चमचे खाली ठेवा.”

लोरेता हसत उठली. “अगं देल्फीना, किती दिवसांनी...”

“अळंब्या खाल्ल्यात का? कुणी खाल्ल्यात?”

“अजून नाही. तू पण बस ना. बाबा, बघा कोण आलंय.”

काका चुलीपाशी उभे होते. हातात नॅपकिन. कपाळ, गाल, मान, सगळं घामाने निथळत होतं. त्यांनी तोंड पुसलं, परत पुसलं.

“काका, तुम्ही?” देल्फीनाने विचारलं.

“मी काय? मीठ बघायला चार-पाच खाल्ल्या कढईतून. शिजवणाऱ्याने चाखायचं नाही तर कुणी?” ते हसायला गेले आणि हनुवटीवरून लाळ ओघळली. “चूल तापलीय, म्हणून घाम येतोय.”

“पाल्मिरा, रुग्णवाहिका. सांग, अळंबीची विषबाधा आहे, घाम आणि लाळ आहे. तेवढं सांग, त्यांना कळेल.” तिचा आवाज अगदी स्थिर होता. मी फोन लावला. तिने काकांना खुर्चीवर बसवलं, मनगट धरलं, घड्याळ बघितलं. मग वाकून कचऱ्याची बादली ओढली. निवडताना कापलेली देठं आणि तुकडे त्यात होते. तिने ते पाटाशेजारी ओतले.

“मला वास येत नाही,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “दीड वर्षापासून येत नाही. पाल्मिरालाही येत नाही. आज सकाळी तुमच्या टोपलीला कुणीच हुंगलेलं नाही. लोरेता, तू ये. नाही, तू बाबांजवळ थांब. वाउटर, तू ये.”

वाउटरला आमची भाषा जेमतेम येते. लोरेताने सांगितलं तसं तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक तुकडा हुंगायला लागला. देल्फीना त्याच्यापुढे तुकडे धरत होती. तो सांगत होता, लोरेता आम्हाला सांगत होती.

“पीठ. पीठ. पीठ, म्हणतोय. आजीच्या घरचं पीठ.”

काका खोकले. त्यांचे डोळे पाझरत होते.

“हे?”

वाउटर थांबला. परत हुंगलं. “पीठ नाही, म्हणतोय. गवत.”

तिने ते बाजूला ठेवलं. शेवटी बाजूला सात तुकडे होते. लोरेता त्यांच्याकडे बघत होती, मग मधल्या ढिगाकडे, मग नवऱ्याच्या चमच्याकडे.

“माझी आई गेली तेव्हा मी येऊ शकले नाही,” ती देल्फीनाला म्हणाली. “आणि आज तू मला बापाच्या हातून...” 

देल्फीनाने मान खाली घातली नाही. “हो,” एवढंच म्हणाली.

“तिला बोलू नको,” काका लाळ पुसत पुटपुटले. “मोजा विषारी आहे म्हणून हिने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.” कुणी हसलं नाही. पण देल्फीनाने त्यांचा हात हातात घेतला आणि रुग्णवाहिकेत चढवेपर्यंत सोडला नाही.

काका वाचले. वेळेवर औषध मिळालं की या विषाचा माणूस बहुधा वाचतो. तिसऱ्या दिवशी घरी आले, दवाखान्यातल्या सूपला नावं ठेवत. देल्फीनाने त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला. सगळा स्वतःवर घेतला. माझं नावही घातलं नाही. मी तो मागून घेतला आणि खाली लिहिलं, वास मी घेत होते. आमच्या दोघींमध्ये त्याहून मोठं भांडण कधी झालं नाही. खोली बंद झाली. आता लोक साठ किलोमीटर जातात, किंवा जात नाहीत.

शहरात आम्हा दोघींची तपासणी झाली. बारा पेनं असतात, प्रत्येकात एक वास, डोळे मिटून सांगायचं. देल्फीनाला पाच आले. मला तीन.

“तुम्हाला तो आजार कधी झाला?” डॉक्टरांनी मला विचारलं.

“झालाच नाही.”

“घरात कुणाला?”

“नाही.”

त्यांनी कागद बघितला. “लहानपण कुठे गेलं?”

मी सांगितलं. भट्टीच्या चिमणीखाली, कामगारांची घरं, तिसरा दरवाजा. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, नक्की कुणी सांगू शकणार नाही, वय असतं, धूळ असते, बरंच काही असतं. अशी नाकं या दरीत आणखी आहेत. ती एका रात्रीत जात नाहीत, म्हणून त्या माणसांना काही गेलंय हेच कळत नाही. मला आईच्या करड्या चादरी आठवल्या.

आता रोज सकाळी देल्फीना माझ्याकडे येते. आधी आम्ही दोघी हात पुढे करून कप धरतो आणि एकमेकींचा कप बघतो. मग चार बाटल्या काढतो. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. नाकाला व्यायाम म्हणून डॉक्टरांनी दिलाय. कधी फळेल, फळेल की नाही, त्यांनाही माहीत नाही. रस्ते ती अजून अधूनमधून विसरते. मी शेजारी बसते आणि वळणं सांगते.

गेल्या आठवड्यात लवंगेची बाटली हुंगता हुंगता ती थांबली. डोळे मिटले. परत हुंगलं. “आहे,” म्हणाली. “पुसट आहे. पण आहे.” आणि रडायला लागली. मग बाटली माझ्याकडे दिली आणि रडतच विचारलं, “तुला?”

तिचा चेहरा माझ्यासमोर होता. गेले दोन मोसम तो चेहरा बघूनच मी हो म्हणत आले होते.

मी डोळे मिटले.

“नाही,” मी म्हटलं.